पाच नंबरची कोठी

श्रेयानं कोठ्यांखालच्या बोगद्यात उभं राहून एक टाळी वाजवली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

वॉचमन कडुबा दारात उभा होता. या बोगद्यात माणसांच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यानं पूर्वीही पाहिलं होतं, पण ते सरकीच्या धुळीनं. टाळी वाजवून रडणारी बाई पहिलीच.

"किती वेळ राहतो बघा आवाज!" ती म्हणाली.

"राहतो," कडुबा म्हणाला. "त्याला जायला जागाच नाय."

पैठण रोडवर चितेगाव सोडलं की आत अप्पारावांची तेलाची मिल होती. होती म्हणजे, बंद पडून बरीच वर्षं झाली. यंत्रं भंगारात गेली, पत्रे गेले, ऑफिसच्या खिडक्या चौकटीसकट गेल्या. राहिल्या त्या सहा कोठ्या. सरकी साठवायच्या, काँक्रीटच्या, गोल, चार मजली उंच, तीन-तीनच्या दोन रांगांत. कुणाला उचलून नेता आल्या नाहीत, एवढ्याच कारणानं त्या राहिल्या. कोठ्यांच्या खाली एक लांब बोगदा. बोगद्याच्या छताला सहा तोंडं, प्रत्येक तोंडाला लोखंडी झडप, आणि झडप उघडायला-मिटायला ट्रकच्या स्टेअरिंगएवढं चाक. मिल चालू असताना सरकी झडपेतून खाली पट्ट्यावर पडायची आणि पट्टा ती घाण्यांकडं न्यायचा.

श्रेया शहरातली, सिडकोतली. वडील इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले. तिनं हॉलंडात जाऊन जागेसाठी संगीत रचण्याचं शिक्षण घेतलं होतं. म्हणजे आपण आधी गाणं बसवतो आणि मग हॉल बुक करतो. ती आधी जागा शोधते, तिच्यात आवाज कसा फिरतो ते मोजते, आणि मग त्या जागेलाच वाद्य समजून वादक नि स्पीकर कोपऱ्याकोपऱ्यांत बसवते. तिकडं तिनं एका रिकाम्या चर्चसाठी आणि एका कोरड्या पडलेल्या गोदीसाठी अशा रचना केल्या होत्या आणि लोक तिकीट काढून आले होते. इकडं शेजारी विचारायचे, "श्रेया काय करते सध्या?" तर वडील "साउंडमध्ये आहे" म्हणायचे आणि लगेच चहाचं विचारायचे. निम्म्या कॉलनीचा समज होता, की ती डीजे भाड्यानं देते.

अप्पारावांनी जागा हसत दिली. त्यांची एकसष्टी जवळ आली होती, आणि रक्तदान, वह्यावाटप, कीर्तन हे सगळं विरोधी गटातल्या माणसानं आपल्या पन्नाशीलाच उरकून घेतलं होतं. कोठ्यांतलं इलेक्ट्रॉनिक संगीत मात्र जिल्ह्यात कुणी केलेलं नव्हतं.

"आवाज मोठा होईल ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

"मोठा नाही, पण लांब होईल."

"लांब चालंल," अप्पाराव म्हणाले. "आपलं भाषण बी लांबच असतं."

रचना तशी साधी होती. प्रत्येक कोठीच्या छपराला माणूस उतरेल एवढं एक भोक. चार कलाकार चार भोकांशी बसून आत तोंड करून वाजवणार. कोठीत दोरीनं सोडलेले माइक आणि स्पीकर. श्रेयाचा लॅपटॉप एका कोठीतला स्वर उचलणार, जरा थोपवून धरणार आणि दुसऱ्याच कोठीत सोडणार. ऐकणारे खाली बोगद्यात. तिथं येईपर्यंत त्या स्वराचं मूळगाव पुसलं गेलेलं असायचं. तो सगळीकडून यायचा, पण कुठून आला हे सांगता यायचं नाही. सगळी रचना त्या एका गोष्टीवर उभी होती.

कलाकारांपैकी दोघं पुण्याचे, एक चेलोवाला आणि एक बासरीवाली. उन्हाला ते पहिल्याच दिवशी कंटाळले. तिसरा छावणीतल्या बँडमधला क्लॅरिनेटवाला. त्याला छपरावर बसण्याचं काही वाटलं नाही. लग्नाच्या वरातीत त्यानं याहून वाईट जागी वाजवलं होतं. चौथी सुकेशनी, बजाजनगरची. शाळेत संगीत शिकवायची. आवाज असा, की शाळेची घंटा बिघडली तेव्हा मुख्याध्यापकांनी ती दुरुस्त करायची घाई केली नाही.

मूळगाव खरंच पुसलं जातं का, हे तपासायला श्रेयाला एक कान हवा होता. कडुबा रिकामाच होता.

"काका, डोळे मिटून बसा. आवाज जिथून येईल तिकडं हात करा."

कडुबा बोगद्याच्या मध्यावर स्टुलावर बसला. वरून क्लॅरिनेटचा एक लांब स्वर उतरला. कडुबानं जरा मान हलवली आणि एक नंबरच्या तोंडाकडं हात केला.

"चार होता!" श्रेया म्हणाली.

मग चेलो. कडुबानं तीन दाखवला. तो सहा होता. मग बासरी. त्यानं हात उचलला, फिरवला आणि तसाच मांडीवर ठेवला.

"सुंदर," श्रेया म्हणाली. तिचा चेहरा दहावीचा निकाल लागल्यासारखा झाला होता. कडुबाच्या चेहऱ्याचं काय झालं होतं, ते तिनं पाहिलं नाही.

"माणसाचा लावा," तो म्हणाला.

"काय?"

"माणसाचा आवाज. त्या गाणाऱ्या बाईला म्हणा, नुसती हाक मारा. गाणं नको. कुठूनबी मारा, मला सांगू नका."

सुकेशनीनं हाक मारली. नुसतं "ओ". मग दुसऱ्या कोठीवर जाऊन मारली. मग तिसऱ्या. कडुबा तिन्ही वेळा चुकला. तिसऱ्या चुकीनंतर त्यानं डोळे उघडले, पण तो स्टुलावरून उठलाच नाही. सुकेशनी खाली आली, पाणी प्यायली, तरी तो तिथंच.

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"लई बरं वाटतंय," कडुबा म्हणाला आणि रडायला लागला. बोगद्यात तेही सगळीकडून ऐकू आलं.

मग त्यानं वीस वर्षांपूर्वीचं सांगितलं. बन्सी त्याचा दाजी, धाकट्या बहिणीचा, भागूबाईचा नवरा. कडुबा तेव्हा खाली झडपांवर कामाला होता, आणि त्यानंच बन्सीला मिलमध्ये चिकटवलं होतं.

"पावसाळी हवा हुती. सरकी ओली झाली की कोठीत अडकती. वरून बघाल तर भरलेली, खालून पोकळ. साही झडपा उघड्या, पण पट्ट्यावर दाणा नाय. बन्सी बांबू घिऊन वर गेला, डवचायला. कुठल्या कोठीत उतरला ते मला खाली काय दिसनार? एकदम धाडकन कायतरी कोसळलं, अन् त्याची हाक आली. कडुबा, झडप! झडप! म्हणून."

"म्हणजे?"

"सरकी खाली वाहायला लागली की माणसाला वढून घेती. ज्या कोठीत माणूस पडला तिची झडप मिटली, तर सरकी थांबती, माणूस वाचतो. पट्ट्याचं बटण वर ऑफिसात, तिथवर जायला टाईम कुठं. मी चाकं फिरवायला घेतली. पर आवाज समदीकडून येऊ राहिला. एक मिटली, दोन मिटली. लई जड चाकं. चारवर हुतो तवा हाक थांबली. तो पाचात हुता."

सुकेशनीनं दिलेलं पाणी तो दोन घोट प्यायला.

"चौकशीवाले आले. मॅनेजर म्हणला, हाक आली म्हणशील तर इचारतील, मंग तू काय करत हुता? त्यापेक्षा म्हण, आवाजच आला नाय, जागीच गेला. मी म्हणलं, आवाज आला नाय. सगळ्यांसमोर म्हणलं. पर वजनकाट्यावर गाडीवाले हुते. त्यायला ऐकू गेलं हुतं. ते भागूपर्यंत गेलं." कडुबानं उपरण्यानं तोंड पुसलं. "तवापासून भाऊबीज नाय. मी तिच्या दारात गेलो की ती आतल्या खोलीत जाती. म्हणती, त्यानं ऐकलं अन् भिऊन हुबा राहिला. मी कितींदा सांगितलं, आवाज कुठून आला ते कळलं नाय. म्हणती, आधी आवाजच आला नाय म्हणत होतास, आता कुठून आला ते कळलं नाय म्हणतो. उद्या म्हणशील, बन्सी कोण?"

सुकेशनीला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

"मॅडम, तिला ऐकवा. बस, एवढंच. तिला इथं बसवून डोळे मिटायला लावा, अन् इचारा, आता सांग कुठून आला."

 श्रेयाला तिच्या कलेनं आजवर टाळ्या दिल्या होत्या, एक पुरस्कार दिला होता, मानदुखी दिली होती. पण कुणासाठी साक्ष द्यायची वेळ त्या कलेवर आली नव्हती.

"नक्की," ती म्हणाली. "रचनेच्या शेवटच्या भागात तीन हाका घालते. वेगवेगळ्या कोठ्यांतून."

"थांब," सुकेशनी म्हणाली. "एका बाईला तिच्या नवऱ्याच्या मरणाची हाक ऐकवणार, आणि वर ओळखायला लावणार? आणि मारायची मी?"

"नाव नाही घ्यायचं. नुसतं 'ओ'."

"तिला कळणार नाही होय?"

"कळू द्या ताई," कडुबा म्हणाला. "कळावं म्हणून तर."

भागूबाई बजाजनगरातच राहायची, सुकेशनीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मुलगा सत्यम वाळूजला एका कंपनीत शिफ्ट करायचा. सुकेशनी गेली तेव्हा भागूबाई मेथी निवडत बसली होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिनं जुडी संपवली.

"तिथं आवाज फसवतो म्हणतीस?"

"मी स्वतः हाक मारली मावशी. त्यांना एकदाही ओळखता आलं नाही."

"त्याला नाय आलं. मला येतंय का बघायचं, व्हय ना?"

"हो."

भागूबाईनं देठं एका बाजूला लोटली. "मी एकटी यायची नाय. त्या जागेत त्याच्यासंगं एकटी नाय. भावकीतली माणसं बोलवा. चार माणसांत त्यानं सांगितलं, आवाज आला नाय म्हणून. आता काय ते चार माणसांतच होऊ द्या." मग जरा वेळानं म्हणाली, "नाय कळलं मला कुठून आला, तर मी तिथंच त्याला ओवाळीन. सगळ्यांदेखत. सांग त्याला."

श्रेयानं सुचवलं, की त्यांनी तालमीलाच यावं, निवांत. ते दोन्ही बाजूंना मान्य नव्हतं. आपल्याकडं निवांतपणी कळलेली गोष्ट कळलेली धरत नाहीत. ती पुन्हा चार माणसांत कळवून घ्यावी लागते. कडुबा तर म्हणाला, "मॅडम, चोरून निर्दोष होऊन काय करू?" भावकीला त्यानं स्वतः जाऊन सांगितलं. दोन म्हातारे, एक माजी सरपंच, आणि कुठल्याही बैठकीला असतात तशी दोन माणसं, ज्यांचं नातं कुणालाच नीट सांगता येत नाही. एकसष्टीच्या दिवशी सगळ्यांनी यायचं ठरलं.

एकसष्टीच्या दिवशी श्रेया सकाळी मिलवर पोचली आणि बोगद्याच्या तोंडाशी थबकली.

बोगदा राहिलाच नव्हता. दोन्ही भिंतींना खालपासून वरपर्यंत चुण्या घातलेलं मखमली कापड, मरून आणि पिवळं, आलटून पालटून. छताला पांढरी झालर, कोठ्यांची तोंडं तेवढी गोल कापून मोकळी ठेवलेली. खाली गालिचे, गालिच्यांवर सोफे, सोफ्यांमागं गादीच्या खुर्च्या. जिथं कापड संपत होतं तिथं अप्पारावांचं कटआउट.

श्रेयानं टाळी वाजवली. टाळी वाजली आणि संपली. उशीवर हात मारावा तशी.

"कसं झालंय मॅडम?" सोमनाथनं विचारलं. सोमनाथ म्हणजे अप्पारावांचा पुतण्या, मंडपवाला. रात्रभर जागून डोळे लाल झाले होते, पण चेहऱ्यावर समाधान. "काल माइक टेस्ट केला, तर आवाज नुसता घुमू राहिला. एक शब्द कळंना. काकांचं भाषण, पाहुण्यांचं भाषण, कसं करायचं? मंग म्हणलं, टेन्शन नाय लेनेका. डबल कपडा मारला. आता बोला, एकदम क्लिअर!"

"सोमनाथ, घुमणं हेच तर संगीत आहे. ते कापड काढा."

सोमनाथ हसला. मग ती हसत नाहीये हे पाहून त्यानं हसणं आवरलं. "मॅडम, पाहुणे मुंबईहून येऊ राहिले. त्यांना काय भिंत दाखवायची? कबुतराची घाण हाय तिथं."

श्रेया अप्पारावांकडं गेली. त्यांना हार घालायला सकाळपासूनच रांग होती. त्यांनी हाराआडून तिचं सगळं ऐकलं. "बेटा, भाषणं झाली की काढून टाकू," ते म्हणाले. भाषणं झाल्यावर पाचशे माणसांच्या पाठीमागून कापड कसं काढणार, हे तिनं विचारलं नाही, कारण तोवर पुढचा हार आला होता. कार्यक्रमच रद्द करते, हे तिच्या जिभेवर आलं होतं. पण पुण्याचे दोघं वर छत्र्या बांधून बसले होते, आणि तिकडं हॉलंडात तिचे सर सकाळची कॉफी घेऊन थेट प्रक्षेपण बघायला बसणार होते. तिनं ते गिळलं.

कडुबा धुतलेला शर्ट घालून दाराशी उभा होता. त्याच्या हातात एक पिशवी होती. पिशवीत बहिणीसाठी लुगडं होतं, ओवाळणीत घालायला.

"काका, आज नको," श्रेया म्हणाली. "आज आवाज फसवणार नाही. हे कापड सगळं शोषून घेतंय. आता ज्या तोंडातून येईल तिथूनच ऐकू येईल. कुणालाही कळेल. त्यांना आज परत पाठवा, मी हे काढून परत करते."

कडुबानं तिच्या खांद्यावरून आत बघितलं. सोफ्यांच्या मागच्या रांगेत भागूबाई बसली होती, पदर डोक्यावर, पाय खुर्चीखाली ओढून. तिच्या दोन्ही बाजूंना भावकी.

"माणसं आली ना मॅडम. वीस वर्षं मी या म्हणतो, अन् आल्यावर नको म्हणू? पुन्हा भ्याला म्हणतील."

"पण ते चुकीचं ठरेल!"

"ठरलं तर ठरलं," तो म्हणाला. पण आत जाताना तो कापडाशी थांबला. त्यानं एका चुणीवर हात ठेवला, खालपासून वर छतापर्यंत नजर नेली, आणि बराच वेळ तसाच बघत राहिला. सोमनाथला वाटलं, कौतुक करतोय.

भाषणं झाली. पाहुण्यांना उशीर झाला म्हणून ती आणखी लांबली. अप्पाराव म्हणाले, "या कोठ्यांनी आपल्या भागातल्या कितीतरी माणसांना पोटात घेतलं." टाळ्या पडल्या. एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला.

मग संगीत सुरू झालं. श्रेयानं जे लिहिलं होतं त्यातलं निम्मं तिनं लिहिलंच नव्हतं. ते भिंतींनी म्हणायचं होतं. भिंती गप्प होत्या. क्लॅरिनेटचा एक स्वर आला, चार नंबरच्या तोंडातून खाली पडला आणि गालिच्यात जिरला. मग शांतता. मग चेलोचा एक. मग शांतता. लोकांना वाटलं, अजून जुळवाजुळव चालू आहे. स्पीकरमधून स्वर एका तोंडातून दुसऱ्यात जाऊ लागले तसं मात्र लोकांना मजा वाटू लागली. लग्नात वऱ्हाड आलं की सगळा मांडव दाराकडं बघतो, तशा पाचशे माना एकदम फिरायच्या. दोन नंबरकडं. सहा नंबरकडं. एकही मान चुकली नाही.

शेवटी माजी सरपंचांनी भागूबाईच्या कानाशी काहीतरी म्हटलं. तिनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

सुकेशनीनं पहिली हाक मारली. भागूबाईचा हात पदराखालून निघाला आणि दोन नंबरकडं गेला. दुसरी हाक. हात सहा नंबरकडं. न थांबता, न चाचपडता. तिसरी हाक. तिचा हात हवेत जरा थांबला. पण वळला नाही. तो पाच नंबरकडंच होता. हाक पाच नंबरमधूनच आली होती.

टाळ्या पडत असताना भागूबाईनं पदर बाजूला केला आणि कडुबाकडं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याकडं सरळ पाहत होती.

"मला म्हातारीला कळलं," ती म्हणाली. आवाज चढवावा लागला नाही. त्या बोगद्यात आज सगळंच ऐकू येत होतं. "तुला नाय कळलं?"

भावकीनं खाली बघितलं. ज्यांचं नातं सांगता येत नाही अशांपैकी एकानं घसा साफ केला.

श्रेया लॅपटॉप सोडून धावत आली. "आजी, हे कापडामुळं झालं! कापड नसतं तर तुम्हाला कळलंच नसतं. त्या दिवशी कापड नव्हतं. मी उद्या काढून दाखवते, शपथ..."

भागूबाईनं तिचं बोलणं पूर्ण होऊ दिलं, पाहुण्यांचं होऊ देतात तसं. मग ती उठली आणि भावकीसह गाडीत जाऊन बसली. अप्पाराव श्रेयाला शोधत आले. "एकदम क्लिअर! मी म्हणतो, पहिल्यांदा क्लासिकलमधलं सगळं समजलं." हॉलंडच्या सरांचा मेसेज आला होता. त्यांनी विचारलं होतं, की ही कोरडेपणाची निवड जाणीवपूर्वक होती का.

माणसं पांगल्यावर कडुबा ऑफिसच्या पायऱ्यांवर बसलेला सापडला. पिशवी मांडीवर.

"उद्या सकाळीच सगळं काढायला लावते," श्रेया म्हणाली. "भावकीलाही परत बोलवू. मी स्वतः जाते त्यांच्याकडं."

"नको मॅडम."

"का नको? खरं काय ते दाखवायला नको?"

"बारदान हुतं तवा," कडुबा म्हणाला.

"काय?"

"पोती. रिकामी. दोन्ही भिंतींना थप्प्या, पार छतापत्तूर. सीझनमध्ये दुसरीकडं जागा नसायची. सकाळी कापड बघितलं ना, तवा आठवलं. असंच दिसायचं." तो बोगद्याच्या तोंडाकडं बघत होता. "आवाज बी असाच यायचा."

श्रेयाला काही क्षण कळलंच नाही आणि मग सगळं कळलं. तिनं ही जागा रिकामी पाहिली होती, रिकामी मोजली होती, रिकामीच्या प्रेमात पडली होती. मिल चालू असताना ती रिकामी नव्हती, हे तिला माहीत होतं. तिनं ते विचारात घेतलं नव्हतं, कारण तिच्या रचनेत मिल चालू नव्हती.

"मग तुम्ही आधी का नाही..."

"आठवत नव्हतं ओ. तुमी टाळी वाजवली अन् मला वाटलं, हेच. असंच हुतं."

पुढच्या आठवड्यात तो बजाजनगरला गेला. भागूबाई दारातच होती. या वेळी ती आतल्या खोलीत गेली नाही. त्याला उंबऱ्याबाहेर बसू दिलं.

"मी खोटं बोललो तुला," कडुबा म्हणाला. "म्हणजे मला ते खरंच वाटत हुतं. पर ते खोटं हुतं. हाक पाचातनं आली. नीट आली. कापडात आली तशी."

भागूबाई उंबऱ्याच्या आत खाली बसली.

"मी भ्यालो नव्हतो भागू. तसं नव्हतं. रोज सांजच्याला झडपा एकपासून मिटायच्या, सहावर संपवायच्या. मॅनेजरचा नियमच हुता. मधलीच मिटली तर ओरडायचा. ती हाक आली, अन् मी पळालो. पळालो ते एकवर. हात आपोआप एकवर गेले. कानाला ऐकू येत हुतं पाचातनं, अन् हात एकचं चाक फिरवत हुते. मंग दोन. मंग तीन. मला वाटत हुतं मी लई घाई करू राहिलो."

बाहेर पोरं गल्लीत सायकल फिरवत होती. भागूबाईनं पायाच्या बोटानं फरशीवरची रेघ पुसल्यासारखं केलं.

"हे कशाला सांगाया आलास?"

"तुला खरं..."

"इतकी वर्षं मी समजून हुते, की तू भ्यालास," ती म्हणाली. "भ्यालेला माणूस मला कळतो. मी पण भेते. कधी कधी मनात यायचं, एखाद्या भाऊबीजेला बोलवावं त्याला. माणूसच हाय, भ्याला असंल." तिनं त्याच्याकडं पाहिलं. "नंबरानं जाणाऱ्याला मी काय म्हणू?"

 ती उठून आत गेली, पण दार तिनं लावलं नाही. तो बसून राहिला. शिफ्ट सुटल्यावर सत्यम आला, डबा हातात, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात. त्यानं मामाला वीस वर्षांत उंबऱ्याशी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मामा, बाहेर कशाला बसले? चला आत," तो म्हणाला, आणि हाक मारली, "आई, मामा आलेत!"

आतून भांडी लावल्याचा आवाज तेवढा येत राहिला.